वाचकांचे प्रश्न : कातडीखालच्या सैल ऊतीविषयी

गेल्या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. एका शिक्षिकेने पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीविषयी विचारले होते, एका आजींनी नातवाच्या टेंगळाविषयी, एका गृहस्थांनी इन्सुलिनच्या गाठींविषयी. आणि उत्तरे लिहायला बसल्यावर लेखणी पुन्हा पुन्हा एकाच ऊतीपाशी येऊन थांबत होती. म्हणून या वेळचे सदर तिलाच द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत आणि लांब पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : मी नौपाड्यातील एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. संयोजी ऊतींचे प्रकार शिकवताना रक्त, अस्थी, कास्थी यांच्याविषयी मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. विरल ऊती आली की मात्र ‘त्वचा व स्नायू यांच्यामध्ये आढळते, मधल्या पोकळ्या भरते, आधार देते’ एवढे सांगून मी पुढे जाते. यंदा एका मुलीने विचारले, ‘बाई, नुसती जागा भरायची होती तर शरीराने तिथे चरबीच का नाही भरली?’ मला तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. अडचण ‘भरते’ या क्रियापदात आहे. ते वाचले की गादीत कापूस भरावा तसे काहीतरी डोळ्यांपुढे येते, आणि मग या ऊतीकडे दुसऱ्यांदा पाहावेसे वाटत नाही.

माझे सारे आयुष्य शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेले. विच्छेदनाच्या टेबलापाशी आलेला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून चिमटा घेऊन करतो काय, तर ही ऊती काढून टाकतो. नस स्पष्ट दिसावी, धमनी मोकळी व्हावी म्हणून तिच्याभोवतीचे कोळिष्टकासारखे पांढरे धागे ओढायचे आणि बादलीत टाकायचे. या कामाला आम्ही ‘साफ करणे’ म्हणत असू, आणि ‘आधी साफ करा, मग नाव सांगा’ हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना ऐकवले आहे. त्या शब्दाचे मला आज वाईट वाटते, कारण रक्त आणि पेशी यांच्यातली सारी देवघेव ज्या जागेत चालते, ती जागाच आम्ही केर समजून काढून टाकत होतो.

मुलांना ही ऊती दाखवायची असेल तर कोंबडीची एक तंगडी पुरेशी आहे. कातडी हळूहळू वर उचलली की ती आणि खालचे मांस यांच्यामध्ये एक ओलसर, पारदर्शक पापुद्रा ताणला जाताना दिसतो. तो सहज तुटतो, पण तुटण्याआधी सर्व बाजूंना ताणला जातो. तीच विरल किंवा सैल संयोजी ऊती होय. ज्यांच्या घरी मांसाहार होत नाही त्या मुलांनी आपल्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून इकडेतिकडे सरकवावी आणि नंतर तोच प्रयोग तळहातावर करावा. हाताच्या पाठीवर कातडी सहज सरकते; तळहातावर ती जागची हलत नाही, कारण तिथे तिला घट्ट, दाट तंतूंनी खाली जखडून ठेवलेले असते. तळहाताची कातडी सैल असती तर आपल्याला बादलीची कडी किंवा लोकलमधली पकड नीट धरताच आली नसती. आणि हाताच्या पाठीची कातडी घट्ट असती तर मूठ वळवता आली नसती.

आता या ऊतीत असते काय ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे तंतू : कोलॅजेनचे जाड, न ताणणारे तंतू आणि इलॅस्टिनचे बारीक, ताणून पुन्हा मूळ जागी येणारे तंतू. स्नायुरज्जूत हेच कोलॅजेन दोरखंडासारखे एका दिशेने घट्ट रचलेले असते. इथे ते विरळ आणि सर्व दिशांना पसरलेले असते. दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे तंतूंमधल्या जागेत असणारे आधारद्रव्य. त्यात हायल्युरॉनिक आम्ल नावाच्या शर्करेच्या अतिशय लांब साखळ्या असतात. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ प्रथम बैलाच्या डोळ्यातून वेगळा केला. ७० किलो वजनाच्या माणसाच्या सगळ्या शरीरात तो जेमतेम १५ ग्रॅम असतो आणि त्यातला सुमारे एकतृतीयांश रोज मोडून नव्याने बनतो. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी तो धरून ठेवतो. त्यामुळे पेशींच्या बाहेरचे पाणी मोकळे वाहत नाही, भिजलेल्या सब्जासारखे त्या जाळ्यात अडकून राहते. असे पाणी मोठ्या माणसाच्या शरीरात दहा-अकरा लिटर असते, म्हणजे रक्तातल्या प्लाझ्माच्या तिपटीहूनही अधिक. ते मोकळे असते तर सकाळी उठून उभे राहिल्याबरोबर घोट्यांपाशी उतरले असते.

आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. या जेलीतून पाणी वाहत नाही, पण प्राणवायू, साखर, क्षार यांचे रेणू मात्र साध्या पाण्यातून जावेत जवळजवळ तितक्याच सहजतेने तिच्यातून पलीकडे जातात. रक्त केशवाहिन्यांच्या बाहेर पडून पेशींना स्पर्श करत नाही. रक्तातून जे काही पेशीला मिळायचे ते या मधल्या ओल्या जागेतून मिळते आणि पेशीने टाकलेले त्याच वाटेने परत जाते. बहुतेक पेशी केशवाहिनीपासून २० ते ३० मायक्रोमीटरच्या आत असतात, आणि तेवढे अंतर ही ऊती बिनबोभाट पार करून देते. कातडीच्या वरच्या थरात किंवा आतड्याच्या अस्तरात, म्हणजे अभिस्तर ऊतीत, एकही रक्तवाहिनी नसते. तिथल्या पेशी जगतात त्या खालच्या संयोजी ऊतीतून झिरपणाऱ्या पोषणावरच. चरबीच्या पेशी तेलाच्या थेंबांनी गच्च भरलेल्या असतात. साठवणीला आणि ऊब राखायला त्या उत्तम, पण सगळीकडे तीच भरली असती तर ही ये-जा कठीण झाली असती. अर्थात चरबी ही याच ऊतीची सख्खी बहीण आहे आणि सैल ऊतीतही चरबीच्या सुट्या पेशी असतात, हे मुलांना जरूर सांगावे.

तिसरी गोष्ट म्हणजे पेशी. तंतू आणि आधारद्रव्य तयार करणाऱ्या तंतुजनक पेशी इथे कायम राहतात. जखम झाली की त्याच नवे कोलॅजेन विणतात. जंतू आणि कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. आणि मास्ट पेशी असतात. या पेशींचे वर्णन पॉल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या पदवीच्या प्रबंधात केले. त्या दाण्यांनी टच्च भरलेल्या दिसत, म्हणून त्यांनी खाऊन पुष्ट झाल्याचा अर्थ असलेला जर्मन शब्द त्यांना दिला. त्या दाण्यांत हिस्टामिन असते. डास चावल्यावर काही मिनिटांत गांधी उठते ती यामुळेच : मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी आणि प्रथिने बाहेर झिरपतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बाहेर येण्याची वाट मोकळी होते. तेवढ्या जागी सैल ऊतीत साचलेले पाणी म्हणजेच ती फुगवटी. अंगावर पित्त उठते तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडते. ही ऊती घट्ट असती तर ना पाण्याला जागा मिळाली असती, ना पांढऱ्या पेशींना जंतूंपर्यंत पोचता आले असते.

वर्गात वेळ असेल तर झाव्हिए बिशा या फ्रेंच वैद्याचीही आठवण काढावी. शरीर हे ऊतींचे बनलेले आहे ही कल्पना नीट मांडणारा तोच. सूक्ष्मदर्शक न वापरता, केवळ हाताने उलगडून, शिजवून, वाळवून त्याने २१ प्रकारच्या ऊती ओळखल्या आणि १८०२ साली वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. नववीच्या मुलांना तो आपला वाटेल असे मला वाटते.

प्रश्न : मी घणसोलीहून रोज वाशीला येते आणि एका कापडाच्या दुकानात नऊ-दहा तास उभी असते. संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुततात, घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडतो आणि तो हळूहळू भरून येतो. सकाळी पाय पुन्हा ठीक असतात. शेजारच्या काकू म्हणतात, किडनी बिघडली असणार. हे खरे आहे का?

उत्तर : पत्रावरून निदान करता येत नाही, पण काय घडते ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल आणि डॉक्टरांना काय विचारायचे तेही कळेल.

केशवाहिन्यांतला दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत ओढून धरतात. हा तोल अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली मांडला. थोडे पाणी तरीही बाहेर राहते आणि ते लसिकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडतात. हे काम दिवसाकाठी काही लिटरचे असते. निरोगी अवस्थेत कातडीखालच्या सैल ऊतीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही किंचित कमी असतो, असे आर्थर गायटन यांनी १९६३ साली दाखवून दिले. म्हणजे ही ऊती सतत किंचित शोषलेल्या अवस्थेत असते, आणि म्हणूनच कातडी अंगाला नीट बसलेली राहते.

आपण तासन्तास एका जागी उभ्या राहता तेव्हा पायांच्या शिरांमध्ये रक्ताचा स्तंभ उभा असतो आणि खालच्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळून शिरांतले रक्त आणि लसिका वर ढकलतात. नुसते उभे राहिल्यावर तो पंप बंद असतो. मग पाणी झिरपत राहते. सुरुवातीला ते त्या जेलीत सामावले जाते आणि काही दिसत नाही. जेलीची धरून ठेवण्याची मर्यादा ओलांडली की सुटे पाणी साचू लागते. सुटे पाणी बोटाने बाजूला सरकते, म्हणून खड्डा पडतो. आजूबाजूचे पाणी परत येते, म्हणून तो हळूहळू भरतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : सर्वांगाला सूज येते तेव्हा ती नजरेला दिसण्याआधीच शरीरात दोन-अडीच लिटर पाणी जादा साठलेले असू शकते. म्हणून सूज येण्याच्या आधी वजन वाढते.

दोन्ही पायांवर सारखी, फक्त संध्याकाळी येणारी आणि रात्री पाय उंचावर ठेवून झोपल्यावर उतरणारी सूज बहुधा उभे राहण्याच्या कामाची असते. दर अर्ध्या तासाने चवड्यांवर वर-खाली होणे, दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून येणे, परतीच्या गाडीत बसायला मिळाले तर घोटे फिरवत राहणे यांनी फरक पडतो. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच वापरावेत. मूत्रपिंडाच्या विकारातली सूज बहुतेकदा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती दिसते, कारण पापणीखालची ऊती फार सैल असते आणि तिच्यात चरबी जवळजवळ नसते. काकूंच्या समाधानासाठी नव्हे, आपल्या स्वतःसाठी एकदा लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब पाहून घ्यावा. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखत असेल, धाप लागत असेल किंवा सकाळीही सूज उतरत नसेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. सहा वर्षांचा नातू जिन्यावरून पडला आणि कपाळाच्या वरच्या बाजूला, केसांत, मोठे टेंगूळ आले. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले. पण तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळ्यांच्या पापण्या काळ्यानिळ्या झाल्या. डोळ्याला तर काहीच लागले नव्हते. मग हे काळे आले कुठून?

उत्तर : आजी, ते वरून खाली उतरले. डोक्याच्या कातडीचे पाच थर असतात आणि चौथा थर याच सैल ऊतीचा असतो. त्यामुळेच आपण डोक्याला तेल चोळताना कवटीवरून सगळी टाळू सरकते. या थरात रक्त जमले की त्याला अडवणारे काही नसते, ते पसरते. मागच्या आणि बाजूंच्या कडांना टाळूचा पडदा हाडाला चिकटलेला असतो, त्यामुळे रक्त मानेकडे जात नाही. कपाळाचा स्नायू मात्र पुढे हाडाला चिकटलेला नसतो, तो भुवयांच्या कातडीत मिसळतो. म्हणून रक्ताला तेवढीच वाट मोकळी मिळते आणि दोन दिवसांनी ते पापण्यांत दिसू लागते. पुढे त्याचा रंग हिरवट, मग पिवळट होईल. भक्षक पेशी त्या रक्ताची विल्हेवाट लावत असल्याची ती खूण आहे.

तरीही हे डॉक्टरांना पुन्हा दाखवलेच पाहिजे. डोक्याला मार लागल्यानंतर दोन्ही डोळे काळे पडणे हे कवटीच्या तळाचे हाड मोडल्याचेही लक्षण असू शकते, आणि दोन्हींतला फरक तपासूनच कळतो. वारंवार उलटी, अनावर झोप, वाढती डोकेदुखी, आकडी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले तर एक क्षणही घालवू नये. टेंगळावर गरम शेक देऊ नये आणि ते चोळू नये; चोळल्याने रक्त आणखी पसरते. टेंगळावरची कातडी फुटली असेल तर ती जखम स्वच्छ ठेवण्याची दुप्पट काळजी घ्यावी, कारण या थरातून कवटीच्या आत जाणाऱ्या बारीक शिरा असतात आणि त्या वाटेने जंतू आत पोचू शकतात. शल्यचिकित्सक या थराला धोक्याचा थर म्हणतात तो याचसाठी.

प्रश्न : खारघरला आमच्या व्यायामशाळेत सगळे कोलॅजेनची पावडर घेतात. ती घेतल्याने कातडीखालची ऊती घट्ट होते का?

उत्तर : खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे चेहऱ्यापर्यंत जात नाही. ते प्रथिन आहे, आणि डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रथिनासारखेच पोटात मोडून त्याचे लहान तुकडे आणि अमिनो आम्ले होतात. त्यांपासून कोठे काय बनवायचे ते शरीर ठरवते. पावडरीचा थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, परंतु त्यांतील बरेचसे उत्पादकांच्या पैशावर झालेले आहेत, म्हणून त्यांवर फार भिस्त ठेवू नये असे माझे मत आहे. कोलॅजेनचे तंतू पक्के व्हायला क जीवनसत्त्व अनिवार्य आहे. ते नसले की जुन्या जखमाही उकलतात आणि हिरड्या सुजून रक्त येते, हे पूर्वीच्या खलाशांनी भोगले; १७४७ साली जेम्स लिंड यांनी जहाजावर संत्री-लिंबे देऊन तो आजार बरा होताना पाहिला. आवळा, पेरू, लिंबू पावडरीच्या डब्याहून खूप स्वस्त आहेत. कातडीतल्या तंतूंचे खरे नुकसान ऊन आणि तंबाखू करतात, तिकडे आधी लक्ष द्यावे.

प्रश्न : नेरूळला राहतो, वय ६१. सात वर्षे इन्सुलिन घेतो. बेंबीच्या उजव्या बाजूला एका ठिकाणी टोचले की दुखत नाही, म्हणून तिथेच घेत आलो. आता तिथे लिंबाएवढी मऊ गाठ झाली आहे. अलीकडे साखर कधी वर, कधी खाली असते. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : बहुधा आहे. इन्सुलिन आपण टोचतो ते कातडी आणि स्नायू यांच्या मधल्या, चरबीने भरलेल्या सैल ऊतीत. तिथून ते आधारद्रव्यातून झिरपत केशवाहिन्यांत शिरते, आणि त्याचा वेग बराचसा ठरलेला असतो म्हणूनच डोस मोजून देता येतो. इन्सुलिन चरबीच्या पेशींना वाढवतेही. एकाच जागी रोज टोचत राहिले की तिथल्या पेशी फुगतात, तंतू दाट होतात, रक्तवाहिन्या कमी पडतात आणि ती जागा बधिर होते. म्हणजे तिथे दुखत नाही हेच ती जागा बिघडल्याचे लक्षण होते. अशा गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी एकदम रक्तात जाते, आणि साखर वरखाली होते.

आजपासून त्या गाठीत टोचणे बंद करावे. परंतु त्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. निरोगी जागी तोच डोस घेतल्यावर तो पूर्ण लागू पडतो आणि साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, म्हणून डोस कमी करावा लागण्याचा संभव असतो. पुढे पोटाचे चार भाग करून दर आठवड्याला एक भाग वापरावा, प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर अंतरावर असावी आणि सुई दर वेळी नवी घ्यावी. बहुतेक मोठ्या माणसांना चार मिलिमीटरची सुई पुरते. गाठ ओसरायला काही महिने लागतात, पण बहुतेक वेळा ती ओसरते.

प्रश्न : आम्ही राबोडीत राहतो. गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर दोन दिवसांत वडिलांचा पाय नडगीपर्यंत लालबुंद झाला, थंडी वाजून ताप आला. रुग्णालयात ‘सेल्युलायटिस’ सांगितले. आजी त्याला धावरे म्हणते. पाय बरा झाला, पण एवढ्याशा चिखल्यांमधून इतके कसे वाढले ते समजले नाही. या पावसाळ्यात पुन्हा होईल का?

उत्तर : आजींचा शब्द मला आवडतो, तो ऐकला की या आजाराची धाव लगेच ध्यानात येते. डॉक्टरांनी सांगितलेल्या नावालाही इतिहास आहे. विरल ऊतीत हवा गेली की ती लहान लहान कप्प्यांची दिसते, म्हणून पूर्वीचे वैद्य तिला कप्प्यांची ऊती या अर्थाच्या नावाने ओळखत, आणि तिचा दाह तो सेल्युलायटिस. आजच्या ‘सेल’ म्हणजे पेशीशी त्याचा संबंध नाही.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की कातडीचे कुंपण तुटते. तिथून बहुधा स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरतात. हायल्युरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवते, हे मी वर लिहिले आहे; त्यामुळे ती जागा जंतूंनाही सहज ओलांडता येत नाही. यांतील अनेक जंतूंकडे नेमके तेच आम्ल विरघळवणारे विकर असते. जेली पातळ झाली की जंतू आणि त्यांची विषे कातडीखालच्या थरातून पसरत जातात. सैल ऊती हा पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत सलग पसरलेला थर आहे, त्याला मध्ये दारे नाहीत. तिथल्या भक्षक पेशी आणि रक्तातून धावून आलेल्या पांढऱ्या पेशी लढतात. लाली, ऊब आणि सूज ही त्या लढाईची चिन्हे असतात.

पुन्हा होण्याची शक्यता दुर्दैवाने आहे, कारण एकदा दाह झाला की तिथल्या लसिकावाहिन्या काहीशा निकामी होतात, पायात थोडे पाणी राहते आणि पुढच्या जंतूंना ते सोयीचे ठरते. म्हणून चिखल्यांचा उपचार आत्ता, पाऊस सुरू होण्याआधी पुरा करावा. ती बुरशी असते आणि तिचे मलम डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस लावावे लागते. पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांमधली जागा कोरड्या फडक्याने टिपावी. मधुमेह असेल तर तळवे रोज पाहावेत. पुन्हा लाली दिसली तर तिच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहावी आणि तडक डॉक्टरांकडे जावे. रेघ ओलांडून लाली पुढे गेली का, हे त्यांना पाहता येते. हळद-चुन्याचा लेप लावून वाट पाहण्यात गेलेला दिवस फार महाग पडतो. आणि पाऊस सुरू असताना ताप नुसता ताप म्हणून अंगावर काढू नये, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो.

प्रश्न : मी ऐरोलीला राहते आणि जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शास्त्रज्ञांनी ‘इंटरस्टिशियम’ नावाचा नवा अवयव शोधल्याचे वाचले. तो हाच का? मग इतकी वर्षे कोणाला कसा दिसला नाही?

उत्तर : होय, विषय याच प्रदेशाचा आहे. २०१८ च्या मार्च महिन्यात पेट्रोस बेनियास, नील थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लेख प्रसिद्ध केला. पित्तनलिकेत दुर्बीण घालून जिवंत ऊती सूक्ष्मदर्शकाने पाहताना त्यांना नेहमीच्या तयार पट्ट्यांवर कधी न दिसलेली द्रवाने भरलेली जाळी दिसली. आपण महाविद्यालयात जी पट्टी पाहता, तिच्यासाठी ऊती रसायनात बुडवून, पाणी काढून, मेणात घालून कापलेली असते. पाणी निघून गेल्यावर द्रवाच्या जागा मिटतात आणि तंतू एकमेकांवर चिकटून दाट दिसतात. त्या संशोधकांनी ऊती गोठवून कापली तेव्हा त्या जागा उघड्याच राहिल्या. पचनमार्ग, मूत्राशय, फुप्फुसांतल्या श्वासनलिका, धमन्यांभोवतीचा थर आणि कातडी या ठिकाणीही त्यांना तशीच रचना आढळली.

त्याला ‘नवा अवयव’ म्हणावे का, यावर शरीररचनेच्या अभ्यासकांत एकमत नाही. पेशींबाहेरच्या द्रवाचा प्रदेश शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे, म्हणून मला ते नाव अनावश्यक वाटते. परंतु जिथे आम्ही दाट तंतूंचा थर आहे असे शिकवत होतो, तिथे जिवंतपणी पाण्याची जाळी आहे, हे त्यांनी दाखवले, आणि कर्करोगाच्या पेशी या वाटेने पसरतात का, हा पुढचा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही.

आपल्या प्रयोगशाळेत उंदराच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची, सपाट पसरून रंगवलेली पट्टी असेल तर ती मागून घ्या. तो पडदा इतका पातळ असतो की त्याला कापावे लागत नाही. गुलाबी, लहरदार पट्टे दिसतील ते कोलॅजेन. सरळ, केसासारख्या, फाटे फुटलेल्या काळ्या रेषा दिसतील ते इलॅस्टिन. दाण्यांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या तर त्या एर्लिख यांच्या मास्ट पेशी. यांच्या मधल्या कोऱ्या जागा वहीत चित्र काढताना कोऱ्या सोडू नका. तिथे बारीक ठिपके देऊन ‘आधारद्रव्य’ असे नाव घाला.